वाघर आणि साखळी

कुत्र्याच्या मानेवरची जखम बघून चावा कुणाचा ते सांगता येतं. गावातल्याच दुसऱ्या कुत्र्याचा असेल तर कान फाटलेला असतो, पुढच्या पायाला दात लागलेले असतात. तो चावा रागाचा असतो. लांडग्याचा असेल तर तो मागून मांडीला नाहीतर खालून गळ्याला, खोल आणि जागा हेरून घेतलेला. आणि बिबट्या असेल तर बहुधा जखम बघायला मिळतच नाही. साखळी तेवढी मिळते. खांबाची कडी जागच्या जागी, साखळी ताठ पडलेली आणि टोकाला रिकामा पट्टा. पट्ट्याचं बकल पुष्कळदा तसंच लावलेलं असतं.

मी तेहतीस वर्षं जालना जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक ‘ढोराचा डाक्तर’ म्हणायचे. खरे डॉक्टर मोठ्या दवाखान्यात असत. मी मोटारसायकलवर, मागे लशींचा थर्मास बांधून. आमचा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला आणि मी दोन वर्षांनी नोकरीला लागलो. आधी भोकरदन, मग मंठा, मग बरीच वर्षं अंबड, शेवटी पुन्हा भोकरदन. बैल, म्हैस, शेळी ही कामाची जनावरं. कुत्र्याला दवाखान्यात कुणी आणत नसे. बैलाला इंजेक्शन देऊन हात धुताना मागून आवाज यायचा, “सायेब, आलेच हात तं जरा वाघ्याकडं बघून घ्या.”

माझ्या नोकरीत मी किती वाघ्यांना टाके घातले असतील त्याची मोजदाद नाही. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, खोपटाला आखाडा म्हणतात. तिथं कुस्ती होत नाही. दर तिसऱ्या आखाड्यावर एक वाघ्या. उरलेले मोत्या, काळ्या, राजा आणि टीव्ही आल्यावर टॉमी. पण पहिला मान वाघ्याला. ज्यानं कुत्र्याला खायचं त्याचंच नाव कुत्र्याला. माझा आजा म्हणायचा, वाघाला वाटावं की इथं आपला भाऊबंद राहतो. मला वाटतं मूळ खंडोबाकडं असावं. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो. त्याला वाहिलेला भक्त वाघ्या म्हणवतो, भंडारा ठेवायला वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगायची त्याची जुनी रीत, आणि जत्रेत तोच कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न कुत्र्यासारखं भुंकत, तोंड लावून खातो. म्हणजे एकाच माणसात वाघ आणि कुत्रं दोन्ही. लहानपणी हे मला विचित्र वाटायचं. चाळीस वर्षं आखाड्यांवर हिंडल्यावर वाटत नाही.

हे सगळं मी लिहायला बसलो त्याला कारण झाला एक इंग्रज. निवृत्तीनंतर मुलानं मोबाइलवर जुनी पुस्तकं कशी बघायची ते शिकवलं, आणि एका रात्री मला जेर्डन सापडला. थॉमस कॅव्हरहिल जेर्डन, मद्रास फौजेतला डॉक्टर. १८३७ साली तो दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत रुजू झाला, त्या पलटणीबरोबर त्रिचनापल्लीहून जालन्याला आला आणि पुढची सुमारे चार वर्षं त्याच पलटणीत होता. जालन्याला तेव्हा छावणी होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली आणि त्यानंतर हा मुलूख निजामाचा खरा, पण त्यावर नजर इंग्रजांची. कुंडलिकेच्या काठच्या या गावाशेजारी गोऱ्या साहेबांचे बंगले आणि घोड्यांचे तबेले उभे राहिले. ती फौज हलली थेट १९०३ मध्ये.

साहेब आला की कुत्री आली. विलायतेतून ग्रेहाउंड यायचे. त्यातले निम्मे उन्हानं मरायचे, उरलेल्यांची गावठी कुत्र्यांशी सोयरीक व्हायची, आणि मग त्या मिसळ टोळीला घेऊन साहेब पहाटे कोल्ह्याच्या मागं माळावर सुटायचे. अशा पंचमेळ टोळीला त्यांच्या भाषेत ‘बॉबरी पॅक’ म्हणत. हॉब्सन-जॉब्सन हा १८८६ चा कोश सांगतो की हा ‘बॉबरी’ शब्द आपल्या ‘बाप रे’ वरून आला. वाचून मी एकटाच हसलो. शेतकऱ्याच्या उभ्या जोंधळ्यातून वीस कुत्री आणि सहा घोडे गेले की दुसरं तो काय म्हणणार?

जेर्डनचं सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक १८६७ साली आलं. त्यात लांडग्याबद्दल दोन हकिगती आहेत. एकीत त्याची कुत्री लांडग्याच्या मागं लागतात, मग लांडगा वळतो आणि त्याच कुत्र्यांना पार साहेबाच्या घोड्यापर्यंत पळवत आणतो. दुसरीत त्याचे ग्रेहाउंड खोकडाचा पाठलाग करत असतात आणि एक लांडगा येऊन त्या पाठलागात सामील होतो. खोकड लगेच मारलं गेलं, नाहीतर लांडग्यानं एखाद्या कुत्र्यालाच धरलं असतं असं साहेबाला वाटलं. कुत्री खोकडाला फाडत होती तेव्हा हा साठेक यार्डांवर ढुंगण टेकून मोठ्या कुतूहलानं बघत बसला, आणि त्याला हाकलता हाकलता नाकी नऊ आले.

त्या दोन हकिगती मी पाच-सहा वेळा तरी वाचल्या असतील. मी जे तुकड्यातुकड्यांनी पाहिलं होतं ते त्या माणसानं दीडशे वर्षांपूर्वी घोड्यावरून पाहिलं होतं. लांडगा आणि कुत्रं ही काही मांजर-उंदराची जोडी नव्हे. ते चुलतभाऊ आहेत. एकाच बांधावरून भांडणारे, संधी मिळाली तर एकमेकाला खाणारे आणि कधीकधी एकाच शिकारीमागं पळणारे.

त्याआधीही एक साहेब होऊन गेला, कर्नल साइक्स. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना त्यानं इथल्या जनावरांची यादी केली आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं मांडली. आपल्या लांडग्याचं ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, हे शास्त्रीय नाव त्याचं. मला त्याची एक गोष्ट आवडते. लॅटिन नावांबरोबर त्यानं मराठी नावंही लिहून घेतली: लांडगा, कोळसून, तरस. (आमच्याकडं तडस म्हणतात.) लांडगा उघड्या खडकाळ माळांवर भरपूर असतो, घाटाच्या जंगलात नसतो, असंही त्यानं नोंदवलं. जालना जिल्ह्यात जंगल किती, तर सरकारी हिशेबात शेकडा एक-दीडच्या आसपास. म्हणून लोक विचारतात, “तुमच्याकडं कुठून आली रानटी जनावरं?” अहो, आमचा माळ हेच त्यांचं रान. झाड नसलं की रान नाही, ही समजूत कागदावरची.

नंतर त्याच साहेबांनी बक्षिसं लावली. लांडग्याची शेपूट, कान, कातडं आणा आणि पैसे न्या. इतिहासकार महेश रंगराजन यांनी ब्रिटिश कागदपत्रं चाळून हिशेब मांडलाय की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे ऐंशी हजार वाघ, दीड लाख बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. यात लांडग्याचा आकडा सगळ्यात मोठा, आणि लांडग्यासाठी हळहळणारा सगळ्यात कमी. वाघाचं कातडं भिंतीवर जातं, लांडग्याचं उकिरड्यावर.

पण या सगळ्यात धनगर कुठं होता, हे साहेबांच्या पुस्तकात सापडत नाही. ते मी पाहिलं.

मंठ्याला असताना, १९९० च्या आसपासची गोष्ट. पूर्णेच्या अंगाला एक वाडा उतरला होता. वाडा म्हणजे धनगरांचा मुक्काम. दोनशे-सव्वादोनशे मेंढरं, दोन घोडी, बिऱ्हाडं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, खताच्या बदल्यात धान्य देतो. मी देवीची लस टोचायला गेलो होतो. काम संपता संपता अंधार पडला आणि मोटारसायकल सुरू होईना. म्हातारा म्हणाला, “ऱ्हा आता. कुठं जाता सायेब, लाईट नाई अन रस्ता नाई.”

ते रात्रीचं मांडणं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मधोमध मेंढरं, त्यांच्याभोवती खुंट्यांवर ताणलेलं जाळं. त्याला वाघर म्हणतात. मला वाटायचं वाघाला अडवतं म्हणून वाघर. पुढं एका शिक्षक मित्रानं सांगितलं की संस्कृतात शिकाऱ्याच्या जाळ्याला वागुरा म्हणतात, शब्द तिथला. म्हणजे जे जाळं शिकारी जनावर धरायला लावायचा तेच धनगरानं उलटं करून जनावर वाचवायला लावलं. वाघराच्या चार बाजूंना चार माणसं घोंगडी टाकून झोपली. कोकरं डालग्याखाली. घोड्या एका अंगाला. आणि कुत्री? पाच होती, मला अजून आठवतं: दोन काळी, एक पिवळं, एक कानतुटकं आणि एक फार म्हातारी कुत्री. एकही बांधलेलं नाही. संध्याकाळी प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि ताक मिळालं आणि ती आपापल्या जागी, माणसांच्याही पलीकडं, अंधारात जाऊन बसली.

तिसऱ्या प्रहराला गलका झाला. पाचातली चार कुत्री नदीच्या अंगाला धावली, माणसं डबे बडवत उठली. म्हातारा मात्र त्या दिशेला गेलाच नाही. तो उलट्या बाजूला, वाघराला पाठ लावून काठी घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या पायाशी ती म्हातारी कुत्री. मला म्हणाला, “तिकडचं आहे ते दाखवायचं. न्यायचं हिकडून येतंय.” खरंच आलं. मला अंधारात काही दिसलं नाही, पण कुत्रीनं एकदाच गुरगुर केली आणि गवतात काहीतरी मागं सरलं.

सकाळी मोजणी झाली तेव्हा एक मेंढरू कमीच. दुसऱ्या कुठल्यातरी बाजूनं नेलं होतं. मला वाटलं आता शिव्या ऐकायला मिळणार. म्हातारा चिलीम भरत म्हणाला, “दोनशात येक त्येचं असतंच. कोन्तं ते मेंढराला ठाव नाई, आपल्यालाबी नाई.”

हे वाक्य मी पुढं कितीतरी लोकांना ऐकवलं. ऐकवताना मात्र मी पुढची गोष्ट गाळायचो, ती आता सांगतो. दोन वर्षांनी त्याच वाड्याचा निरोप आला, कुत्री तडफडतायत. गेलो तर तीन कुत्री आडवी, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपाशीवर मारायचं औषध. (आमच्याकडं विषालाही औषधच म्हणतात.) त्या हंगामात लांडग्यांनी एका आठवड्यात अकरा कोकरं नेली होती, म्हणून पोरांनी मेलेल्या मेंढरात औषध घालून ठेवलं, आणि लांडग्याआधी आपलीच कुत्री गेली. माझ्याकडं अ‍ॅट्रोपीनच्या मोजक्या कुप्या होत्या, बैलांसाठी ठेवलेल्या. एक कुत्रं वाचलं. म्हातारी कुत्री गेली. म्हाताऱ्यानं मुलाकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडून लांडग्याच्या वाट्याबद्दल एक शब्द निघाला नाही आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा धनगर आणि लांडगा यांच्या गोडीगुलाबीच्या कथा मी सांगणार नाही. तो एक व्यवहार होता. दुष्काळात, कर्जात, पोरांच्या रागात तो मोडायचा. पण व्यवहार होता हे खरं, आणि त्यातली तीन कलमं पक्की होती: कुत्री मोकळी, कुत्री एकटी नाही, आणि कुत्र्याच्या हाकेवर उठणारा माणूस हाकेच्या अंतरावर झोपलेला.

शेतकऱ्याकडंही असंच होतं. माझ्या लहानपणी जोंधळ्याची कणसं खुडून झाली की खळं लागायचं. बैलांची पात, वाऱ्याची वाट बघत उपणणी. खळं महिना महिना चालायचं आणि त्या महिनाभर घरातले पुरुष खळ्यावर झोपायचे. बाकीच्या दिवसांत सालगडी आखाड्यावर राहायचा, त्याची बायकापोरं तिथंच. कुत्रं कुणाचं म्हणाल तर त्या माणसांचं, त्या रात्रीचं. मग मळणीयंत्र आलं आणि महिन्याचं खळं एका दुपारी उरकू लागलं. मळणीयंत्रानं बैल कमी केले हे सगळे लिहितात. त्यानं शेतात झोपणारा माणूस उठवला, हे कुणी लिहीत नाही.

माळाचंही तेच. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, विहिरी आल्या, बंधारे आले. भूमिहीनांनी गायरानं कसायला घेतली. त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वीतभर जमीन नव्हती त्यांनी आणखी कुठं जावं? नांगर मात्र माळाला लागला. जिथं खोकडाची बिळं होती तिथं आता सोयाबीन आहे. १९७२ च्याच वन्यजीव कायद्यानं लांडग्याला मारायला बंदी केली, पण नांगरला गेलेला माळ त्याला परत द्यायची तरतूद त्यात कशी असणार?

एक पाप माझ्याही हातचं. नव्वदच्या दशकात बैलाचा पाय सुजला, म्हशीला ताप आला, की आम्ही डायक्लोफिनॅक टोचायचो. स्वस्त, गुण लगेच. शेतकरी खूश. त्या औषधाचा अंश मेलेल्या जनावरात राहतो आणि ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, हे नंतर कळलं. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर आमच्याकडची गिधाडं संपली होती. पूर्वी गावकुसाबाहेर टाकलेलं ढोर दुपारपर्यंत साफ व्हायचं. आता ते आठवडाभर पडून राहू लागलं आणि त्यावर कुत्री पोसली गेली. धनगराची नव्हेत, आखाड्याचीही नव्हेत, कुणाचीच नसलेली.

पशुगणनेत हे मला नडायचं. दर पाच वर्षांनी घरोघर जाऊन जनावरं मोजायची, त्यात कुत्र्यांचाही रकाना. “कुत्रं आहे का?” “हाये की.” “तुमचं का?” यावर माणूस गोंधळायचा. “म्हंजी… दारात असतं. भाकर आम्हीबी देतो, शेजारीबी देतात.” आता हे पाळीव लिहू की मोकाट? सरकारी रकान्यात ‘गल्लीचं’ असा पर्याय नव्हता. पूर्वीचं कुत्रं नेमकं तसंच असायचं, घराबाहेरचं पण परकं नव्हे. खरं सांगतो, मी अंदाजानं लिहायचो.

या कुणाच्याच नसलेल्या कुत्र्यांनी लांडग्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं साहेबाच्या बक्षिसानंही केलं नसेल असं माझं मत आहे. पिसाळ, डिस्टेंपर, पार्व्हो हे रोग त्यांच्याकडून माळावर जातात. आणि लांडग्याला जोडीदार मिळेना झाला की तो चुलतभावाकडंच जातो. पुणे जिल्ह्यात पिवळट अंगाचे विचित्र लांडगे दिसले, त्यांच्या केसांची तपासणी झाली, आणि २०२३ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की त्यांच्यात कुत्र्याचं रक्त आहे. एकेकाळी लांडगा कुत्र्याला खायचा. आता कुत्रा लांडग्याला आतून खातो आहे.

आणि लांडग्याच्या रिकाम्या जागी आला बिबट्या.

खाली अंबड, घनसावंगी, परतूर हा गोदेचा पट्टा. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. डावा कालवा आमच्या या तालुक्यांतून परभणीकडं जातो. कालव्यामागं ऊस आला, उसामागं अंकुशनगर, तीर्थपुरीचे कारखाने. ऊस म्हणजे दहा-बारा महिने उभं, दाट, गार, पाण्याजवळचं आणि माणूस आत न शिरणारं रान. बिबट्याला आणखी काय हवं असतं? वर भोकरदन तालुक्यात तो अजिंठ्याच्या डोंगरातून उतरतो. २०२१ साली तर तिकडं गौताळा अभयारण्यात थेट पट्टेरी वाघ येऊन पोचला, यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत. पण वाघ पाहुणा. बिबट्या राहायला आलाय.

तो खातो काय, याचा हिशेब विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घातला. बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले. वजनाच्या हिशेबात त्याच्या आहारात शेकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९, मांजरं १५, शेळ्या ११. हा अभ्यास मला कळला तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो, आणि पहिला विचार आला तो मांजरांचा. मांजर गेलं तर आपण म्हणतो, गेलं कुठंतरी, दुसरं घर धरलं असेल. कोण बघायला जातं? माझ्या बायकोची तीन मांजरं शेतावरून अशीच ‘दुसऱ्या घरी’ गेली.

आता आखाड्यावर जा. माणूस नाही, तो जालन्यात नाहीतर गावात राहतो. विहिरीवर मोटार आहे, तांब्याची केबल आहे, आणि चोरांचा सुळसुळाट आहे. म्हणून कुत्रं ठेवलेलं. ते मोटारीपाशीच राहावं म्हणून साखळी, आणि शेजाऱ्याच्या शेळीला चावू नये, कुणी औषध घालू नये म्हणूनही साखळीच. ज्या कामाला चार माणसं, पाच कुत्री आणि एक वाघर लागायचं ते काम एका बांधलेल्या कुत्र्यावर सोपवलेलं. रात्री ते भुंकतं, भुंकतं म्हणून उसातल्याला पत्ता लागतो, आणि पळायला चार हात साखळी. लोक म्हणतात बिबट्या धीट झाला. मला तर तो आयतं खायला शिकला एवढंच दिसतं.

पंचनाम्याला मी पुष्कळदा गेलोय. शेळी, मेंढी, वासरू गेलं तर वनखातं भरपाई देतं, कागद लागतात, माझी सही लागते. कुत्र्याचा पंचनामा होत नाही. एकदा अंबड तालुक्यात एक बाई माझ्यापुढं रिकामा पट्टा धरून उभी राहिली. “भाऊ, ह्याचं काई लिवता येतं का?” मी म्हणालो, ताई, याला रकाना नाही. तिनं पट्टा पदरानं पुसला आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवला.

कर्नाटकात मंड्याजवळ आतकूर नावाचं गाव आहे. तिथं दहाव्या शतकातला एक वीरगळ सापडला, आता तो बंगळूरच्या संग्रहालयात आहे. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काली नावाच्या कुत्र्याची हकिगत त्यावर कोरलेली आहे. तिथल्यासारखंच आमच्यावरही तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं. हजार वर्षांपूर्वी कुत्र्याला दगड मिळायचा. असो, प्रत्येक कुत्र्याला मिळत होता असं थोडंच आहे.

बिबट्यावर उपाय निघतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात माणसंच गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्याच्या बातम्या आल्या. ते फोटो बघून आमच्या पारावर लोक हसले. मला हसू आलं नाही. खिळ्यांचा पट्टा ही मुळात कुत्र्याची चीज आहे.

गेल्या वर्षी भोकरदनकडं माझ्या भाच्याच्या शेतावर गेलो होतो. त्याचं पहिलं कुत्रं उन्हाळ्यात गेलं. दुसरं आणलं तेव्हा मी म्हणालो, बाबा, रात्री मोकळं सोड, नाहीतर दोन पाळ, नाहीतर तू इथं झोपायला ये. म्हणाला, “मामा, मोकळं सोडलं तं बांधावर भांडणं होतात. दोन पाळले तं खायला कोन घालील? अन झोपायला मी आलो तं मले कोन सांभाळील?” तिन्ही उत्तरं बरोबर होती.

त्यानं जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातल्या बारा एमएमच्या सळया आणल्या आणि वेल्डरकडून पिंजरा करून घेतला. चार बाय पाच, वर पत्रा, खाली फरशी. वनखातं बिबट्या धरायला लावतं त्याच धाटणीचा, फक्त त्यात बाहेरचा आत येतो आणि यात आतल्याला बाहेरच्यापासून वाचवायचं. कुत्र्याचं नाव त्यानं काही ठेवलेलं नाही, नुसतं “ए पोरा” म्हणतो. रात्री दहाला थ्री-फेज लाइट आली, मोटार सुरू झाली. भाच्यानं हाकसुद्धा मारली नाही. पोरगं उठलं, अंग झटकलं, आपणहून पिंजऱ्यात गेलं, आणि उसाकडं तोंड करून, सळयांपासून हातभर आत सरकून बसलं. भाच्यानं कडी लावली आणि आम्ही दोघं मोटारसायकलवर गावाकडं निघालो.